पाणी आधी, बातमी नंतर

टेक्सासच्या जुलै महिन्यात, सगळे ड्रायर एकदम गरगरत असलेल्या खोलीत, टाय बांधून आणि वर काळा कोट चढवून बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. अर्विंगला आमच्या अपार्टमेंटच्या लाँड्री रूममध्ये दर रविवारी दुपारी ते पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे. शेजारच्या कपड्यांच्या घड्या घालायच्या टेबलावर काचेचा जग, त्यात बर्फाचं पाणी आणि बाजूला उपडे घातलेले ग्लास. कागदी कप त्यांना चालायचे नाहीत. कपड्यांची बास्केट घेऊन कुणीही आत आलं की ते उठून उभे राहायचे, पाणी द्यायचे, ग्लास रिकामा होईपर्यंत गप्प थांबायचे आणि मग त्यांच्याकडच्या रीतीनं, वाटसरूला विचारावं तसं म्हणायचे, "इथं सगळं शांत आहे. वाटेवर तुम्ही आहात. काय बातमी आणलीत?"

सगळे त्यांना ऑनरेबल म्हणायचे. मला बरेच दिवस ते त्यांचं नावच वाटत होतं. मग कोफीनं सांगितलं. हा कोफी त्यांच्याच देशाचा, नात्यानं त्यांचा भाचा, आमच्या वरच्या मजल्यावर राहणारा टॅक्सी ड्रायव्हर. पश्चिम आफ्रिकेत त्यांचा घाना देश आहे, तिथं पार्लमेंटच्या मेंबरला ऑनरेबल म्हणतात. म्हणजे आपल्याकडचे खासदार. मी गावाकडे एकदाच खासदार पाहिला होता, तोही जीपमधून हात हलवत गेलेला. हे खासदार माझ्या ड्रायरमध्ये अडकलेली ओढणी सोडवायला कोटासकट जमिनीवर गुडघे टेकून बसले होते.

माझी स्वतःची बातमी सांगण्यासारखी नव्हती. सातवीनंतर शाळा सुटली, मग लग्न झालं, मग तेही सुटलं, आणि मी सुनंदाला घेऊन कराडजवळ आईकडे परत आले. आईच्या नात्यातल्या एक वहिनी इकडे डॅलसजवळ रिचर्डसनला राहायच्या. नवरा-बायको दोघं डॉक्टर. वहिनींना सातवा महिना होता, बाळंतपणाला घरचं माणूस हवं होतं. एक्क्याऐंशीच्या वसंतात त्यांनी मला बोलावून घेतलं. सुनंदा तेव्हा सहा वर्षांची. तिला सांगून निघाले की दिवाळीला येते. इथं बाळ झालं, बारसं झालं, वहिनींची ड्यूटी सुरू झाली आणि बाळ माझ्या अंगाखांद्यावर वाढायला लागलं. माझा व्हिसा संपला ते मला कळलंसुद्धा नाही. कळलं तेव्हा दुसरंही कळलं, की एकदा इथून गेलं की परत यायला मिळणार नाही. आणि आईचं आणि सुनंदाचं घर तर माझ्या इथल्या कामावर चाललं होतं. नेहा, म्हणजे ते बाळ, शाळेत जायला लागल्यावर मी अर्विंगला आले. तिथं एका गुजराती भाभींच्या दुकानाच्या मागच्या किचनमध्ये पोळ्या लाटायचं काम मिळालं. दिवाळ्या येत राहिल्या आणि जात राहिल्या.

पहिल्या रविवारी त्यांनी मला पाणी दिलं, बातमी विचारली. माझं इंग्लिश तेव्हा पीठ, तेल, टूमॉरो एवढंच. मी म्हटलं, नो न्यूज. ते हसले आणि अगदी सावकाश, मला कळेल असं म्हणाले, "मॅडम शालन, ज्याच्याकडे बातमी नसते तो पाणी इतक्या घाईनं पीत नाही." मी खाली मान घातली आणि कपडे मशीनमध्ये कोंबायला लागले. पण मुद्दाम थोडे कपडे धुवायचे मागे ठेवले आणि पुढच्या रविवारी परत गेले.

त्यांची स्वतःची कहाणी मला ड्रायरच्या आवाजात तुकड्यातुकड्यानं ऐकायला मिळाली. त्यांच्या वडिलांची कोकोची लहानशी बाग होती. मुलगा शिकला, विलायतेला जाऊन वकील झाला, परत येऊन कुमासी नावाच्या शहरात त्यानं ऑफिस टाकलं. केसेस सगळ्या जमिनीच्या. भावाभावांच्या, बांधाच्या, कुणी कुठं झाड लावलं त्याच्या. हे ऐकून मला त्यांचा देश एकदम ओळखीचा वाटला. एकदा एका म्हातारीची केस त्यांनी जिंकली. कोर्टाच्या पायरीवर ती म्हणाली, "तू मला माझी जमीन मिळवून दिलीस. आता तिथं जायला नदीवर पूल नाही, तो कोणतं कोर्ट देतं?" त्या प्रश्नाला वकिलाकडे उत्तर नव्हतं, म्हणून ते निवडणुकीला उभे राहिले. निवडून आले. पार्लमेंटमध्ये जेव्हा जेव्हा बोलायची संधी मिळाली तेव्हा पुलाबद्दलच बोलले. दुसरे मेंबर त्यांना पाहिलं की हातानं पुलाची कमान करून दाखवायचे. शेवटी पूल मंजूर झाला, नदीत खांब उभे राहिले. आणि एक्क्याऐंशी सालच्या शेवटच्या दिवशी लष्करानं सरकार उलथवलं. पार्लमेंट बंद झालं. मेंबरांची धरपकड सुरू झाली. ऑनरेबल बायकोमुलांना सासुरवाडीला ठेवून रस्त्यानं शेजारच्या देशात गेले आणि तिथून अमेरिकेत आले.

तिकडून कुणीही नवीन माणूस आला की ते पाणी द्यायचे, बातमी विचारायचे आणि सगळं ऐकून झाल्यावर अगदी सहज विचारल्यासारखं विचारायचे, "खांब आहेत ना?"

पोटासाठी ते विमानतळावर पार्किंगच्या बूथमध्ये बसायचे. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. म्हणायचे, "लोक माझ्यापुढे थांबतात, काच खाली करतात, माझं न ऐकता निघून जातात. मागच्या बाकावरच्या मेंबरला याची सवय असते."

लोक त्यांच्याकडे वकील म्हणून सल्ला मागायला यायचे तेव्हा ते पहिल्यांदा हात वर करायचे. "मी इथं वकील नाही. टेक्सासनं मला तो परवाना दिलेला नाही. पण मी मेंबर आहे, आणि मेंबरला मतदारसंघ लागतो." आमचं अपार्टमेंट हाच त्यांचा मतदारसंघ. त्यात घानाची माणसं होती, मेक्सिकोची होती, दोन-तीन घरं आपली होती. कुणालाच मत देता येत नव्हतं. त्यांना ते बरंच वाटायचं. म्हणायचे, मतदान नाही म्हणजे मला पाडणारही कोणी नाही.

त्यांच्याकडे एक रीत होती. मोठ्या माणसासमोर कुणी थेट बोलत नाही, मध्ये एक बोलणारा असतो. आपण आपलं म्हणणं त्याला सांगायचं, तो ते नीट करून समोर मांडणार. एका उन्हाळ्यात आमच्या बाजूचे एसी बंद पडले. मॅनेजर येतो म्हणायचा आणि यायचा नाही. ऑनरेबलनी त्याला लाँड्री रूममध्ये बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आम्हाला एकेक करून बोलायला सांगितलं. खालच्या मजल्यावरची लुपे तावातावानं स्पॅनिशमध्ये काय बोलली ते तिच्या मुलीनं सांगितलं, आणि ते इथं लिहिण्यासारखं नाही. मीही म्हटलं की हा माणूस खोटारडा आहे, आमच्या घरात कोंबून ठेवा एकदा याला. ऑनरेबलनी सगळं शांतपणे ऐकलं, मॅनेजरकडे वळले आणि म्हणाले, "या स्त्रियांना तुमचा पूर्वीचा चांगुलपणा आठवतो. तो हरवला की काय, अशी त्यांना काळजी वाटते." मॅनेजर लाल झाला. दोन दिवसांत एसी चालू झाले. नंतर मी म्हटलं, मी तर शिवी दिली होती. ते म्हणाले, "हो, पोचली ती. फक्त कपडे घालून पोचली."

मग तो कायदा आला. तुमच्यातल्या इथं जुन्या असलेल्या लोकांना आठवत असेल. ब्याऐंशीच्या एक जानेवारीच्या आधीपासून जे कागदांशिवाय इथं राहताहेत त्यांना सरकार कागद देणार होतं. ऑनरेबलनी पेपरात आलेला सगळा मजकूर कात्रीनं कापून टेबलावर मांडला आणि कितीतरी रविवार तो आम्हाला समजावून दिला. मला ते म्हणाले, "मॅडम शालन, हा कायदा तुझ्यासाठी लिहिल्यासारखा आहे. तू वसंतात आलीस, शरद ऋतूत तुझा व्हिसा संपला. तू आत आहेस."

मी विचारलं, आणि तुम्ही?

आज वाटतं, तोपर्यंत त्यांना त्यांच्याबद्दल मी विचारलेला तो पहिलाच प्रश्न. त्यांनी कात्रणं गोळा केली. म्हणाले, "लष्करानं मला थोडं आधी हाकललं असतं तर मी तुझ्या रांगेत असतो. सैनिकांना अमेरिकेचं कॅलेंडर ठाऊक नव्हतं." आणि हसले, म्हणून मीही हसले. कोफीनं त्यांना कितीदा सांगितलं होतं की अमेरिकेच्या सरकारकडे आसरा मागा, तुमच्यासारख्यांना तो मिळतो. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. तो अर्ज करायचा म्हणजे लिहून द्यायचं की मी माझ्या लोकांकडे परत जाऊ शकत नाही. असं सही करून दिल्यावर उद्या त्यांच्याकडे मत मागायला कोणत्या तोंडानं जाऊ?

माझ्यापुढे वेगळीच अडचण होती. मी एक्क्याऐंशी सालात इथं होते याला पुरावा काय? माझ्या नावावर भाड्याचं घर नव्हतं, बँकेत खातं नव्हतं, पगाराचा कागद नव्हता. मी कुठं होते हे फक्त डॉक्टर आणि वहिनींना माहीत. त्यांनी लिहून दिलं तर मला कार्ड मिळणार, कार्ड मिळालं तर सुनंदाला भेटून परत येता येणार. नाहीतर मुलगी का पोट, यातलं एक निवडायचं. मी वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, शालन, आम्ही तुला कागदाशिवाय ठेवलं होतं गं, यांच्या लायसन्सचं काही झालं तर? त्यांचंही चूक नव्हतं. ज्यांनी मला इथं आणलं, मला ताप आला तर ज्या रात्रभर जागल्या, त्या बाईला मी संकटात कशी टाकू, असं मलाच वाटायला लागलं. मी ऑनरेबलना म्हटलं, जाऊ द्या.

ते म्हणाले, "साक्षीदार घाबरला की वकील त्याला दम देतो. मेंबर त्याच्या घरी जातो."

कोफीच्या टॅक्सीतून आम्ही रिचर्डसनला गेलो. कोफी बाहेर गाडीतच थांबला. ऑनरेबल कोटात. वहिनींनी दार उघडलं, त्यांना हॉलमध्ये बसवलं, चहा घेणार का विचारलं. ते म्हणाले, आधी पाणी. आणि मी? त्या घरात पाऊल टाकल्याबरोबर मी चपला काढल्या आणि सरळ किचनमध्ये जाऊन चहाचं आधण ठेवलं. कुणी सांगितलं नव्हतं. पाय आपोआप तिकडेच वळले.

आत चहासाठी आलं किसताना मी कान हॉलकडे लावले, तर बाहेर एक शब्द नाही. त्यांच्या रीतीनं पाहुणा आपणहून तोंड उघडत नाही. यजमानानं पाणी द्यायचं आणि बातमी विचारायची, मग पाहुण्यानं बोलायचं. आपल्याकडे तसं कोण विचारतं? आपला पाहुणा बसतो, हवापाणी बोलतो आणि उठता उठता कामाचं काढतो. तेव्हा डॉक्टर वाट बघताहेत की हा गृहस्थ बोलेल, आणि ऑनरेबल वाट बघताहेत की आपल्याला विचारतील. दोघं समोरासमोर, रिकामा ग्लास मध्ये. शेवटी डॉक्टर म्हणाले, "तुम्ही तिचे वकील आहात का?" ऑनरेबल म्हणाले, नाही. आणि पुन्हा गप्प.

नेहा धावत किचनमध्ये आली. सहा वर्षांची झाली होती. माझ्या ओढणीला धरून इंग्लिशमध्ये म्हणाली, "शालूमावशी, ते अंकल बोलतच नाहीत. मम्मी घाबरलीय."

ते वकील आहेत, शांत बसलेत, म्हणजे आता केस करणार, असं बाहेर वाटत होतं आणि ते मला आतून दिसत होतं. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेले. ट्रे टीपॉयवर ठेवला. त्या घरात इतकी वर्षं राहिले पण हॉलमधल्या सोफ्यावर मी कधी बसले नव्हते. बसू नको असं कुणी म्हटलं नव्हतं, मीच बसले नव्हते. त्या दिवशी बसले. वहिनी बघतच राहिल्या. मी माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये म्हटलं, "ऑनरेबल, इथं सगळं शांत आहे. वाटेवर तुम्ही आहात. काय बातमी आणलीत?"

ते उठून उभे राहिले. कोटाचं बटण लावलं. डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे बघून बोलले, मध्ये बोलणारा असतो तसं मला मध्ये ठेवून.

"या घराला सांगा, की आम्ही तक्रार घेऊन आलो नाही. या घरानं एका बाईला विमानतळावरून आणलं, तिच्या हातात आपलं मूल दिलं. आपलं मूल माणूस कुणाच्याही हातात देत नाही. आम्ही त्याचे आभार मानायला आलो. पण सरकारला आभार कळत नाहीत, तारीख कळते. पगाराचं कुणी विचारलेलं नाही. या घरानं डोळ्यांनी जे पाहिलं तेवढंच लिहून द्यावं, की मूल जन्मलं तेव्हा ही इथं होती."

मी ते मराठीत सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात वहिनी आत गेल्या आणि अल्बम घेऊन आल्या. बारशाचा फोटो होता. पाळण्याची दोरी माझ्या हातात, वहिनी मागे, आणि फोटोच्या पांढऱ्या कडेवर महिना आणि साल छापलेलं. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "असं बसून का नाही सांगितलंस कधी? फोनवर मला नुसतं कायदा, पुरावा असलंच ऐकू आलं."

मग ऑनरेबलनी डॉक्टरांना साक्ष कशी लिहायची ते सांगितलं. तुम्ही कोण, कुठं राहता, या व्यक्तीला कसं ओळखता, आणि स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलं. ऐकलेलं लिहायचं नाही. गुणगान तर मुळीच करायचं नाही, कारण साक्षीदार कौतुक करायला लागला की जज्ज पेन खाली ठेवतो. डॉक्टरांनी एका बैठकीत लिहून सही केली. निघताना ऑनरेबलना दारापर्यंत पोचवायला गेले आणि त्यांना सर म्हणाले.

डॅलसच्या ऑफिसात मुलाखतीला ते माझ्याबरोबर आले. बाहेरच्या बाकावर बसून राहिले. मी आतून हातात तात्पुरतं कार्ड घेऊन आले तेव्हा खिडकीतल्या बाईनं त्यांना विचारलं, "तुमची फाइल कुठाय, सर?" ते म्हणाले, "माझी नाही. मी उशिरा आलो." तिला वाटलं, रांगेत उशिरा आले. ती म्हणाली, हरकत नाही, उद्या या. त्यांनी वाकून तिचे आभार मानले. मी कार्ड पर्समध्ये खोल घातलं. त्यांच्या शेजारी ते हातात धरायची मला लाज वाटत होती.

त्या कायद्याला दुसरं पान होतं. आम्हाला समजावताना त्यांनी तेही वाचून दाखवलं होतं, पण आम्ही सगळे पहिल्या पानावरच अडकलेलो. त्यात असं होतं की इथून पुढे कुणालाही कामावर घेताना मालकानं त्याचे कागद बघायचे. पार्किंगचं कंत्राट दुसऱ्या कंपनीकडे गेलं. नव्या कंपनीनं सगळ्यांना नव्यानं भरती करून घेतलं आणि कागद मागितले. ज्या कायद्यानं मला खुर्ची दिली त्यानंच त्यांना बूथमधून उठवलं. रविवारी मात्र कोट तोच, जग तोच. मला काही पत्ता नव्हता. मी आपली दर रविवारी नवा प्रश्न घेऊन जायची. हे कार्ड घेऊन भारतात जाता येईल का, परवानगी कुठली लागेल, परत येताना अडवतील का. ते प्रत्येक वेळी पाणी द्यायचे आणि सगळं समजावून सांगायचे. काम गेल्याचं कोफीच्या बोलण्यातून मला कळलं तेव्हा त्याला बरेच आठवडे उलटून गेले होते. मी कोफीला म्हटलं, मला सांगितलं का नाही? तो म्हणाला, "सिस्टर, त्यांना कुणी विचारलं तर ते सांगणार. तीच तर रीत आहे."

त्या रविवारी मी त्यांच्या आधी लाँड्री रूममध्ये गेले. घरून स्टीलचा तांब्या नेला होता. ते आले तेव्हा मी उठून उभी राहिले आणि त्यांना पाणी दिलं. ग्लास त्यांनी बराच वेळ हातात धरून ठेवला. मग प्यायले. मी विचारलं, काय बातमी आणलीत?

ते म्हणाले, "मी घरी चाललो, मॅडम शालन."

तिकडे पार्लमेंट अजून बंदच होतं. पण लोकांना थोडं थोडं परत येऊ देतात असं ऐकू येत होतं, आणि त्यांचा धाकटा मुलगा त्यांना फोनवर परक्याला म्हणावं तसं सर म्हणायला लागला होता. मी म्हटलं, तुम्हाला धरलं तर? ते म्हणाले, "धरायला माणूस तिथं असावा लागतो. मेंबर मतदारसंघाबाहेर किती वर्षं राहणार?" मी त्यांना थांबवायचा प्रयत्न केला. वहिनींना सांगते, डॉक्टरांना सांगते, कुठंतरी काम बघू. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आणि मला तेव्हाच कळलं की हे बोलायला मला उशीर झालाय. माझं सगळं झाल्यावर मी त्यांचं विचारायला आले होते.

विमानतळावर लुपे आली होती, कोफी आला होता. ऑनरेबलनी कोट घातलेला, हातात एकच बॅग. पार्किंगच्या बूथवरून गाडी गेली तेव्हा आतल्या पोराला त्यांनी काच खाली करून गुड मॉर्निंग म्हटलं आणि त्याचं उत्तर येईपर्यंत कोफीला पुढे जाऊ दिलं नाही. आत जाताना मी त्यांना म्हटलं, इथं सगळं शांत आहे, ऑनरेबल, वाटेवर तुम्ही आहात. ते नुसती मान हलवून गेले.

त्याच हिवाळ्यात मी कराडला गेले. सुनंदा माझ्या खांद्याला लागली होती. तिनं मला पाणी आणून दिलं, पाहुण्यांना देतात तसं, आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. आई तिला म्हणत होती, अगं तुझी आई आहे, जवळ जा. ती जागची हलली नाही. मी पाणी संपवलं. तिला म्हटलं, आता मला विचार, काय बातमी आणलीस. ती म्हणाली, कशाला? मी म्हटलं, विचार तर. तिनं विचारलं. मी तिला पहिल्या दिवाळीपासून सांगायला सुरुवात केली. जेवायची वेळ झाली तेव्हा ती माझ्या शेजारी बसलेली होती. हे कुणाचं देणं आहे ते तिला तेव्हा सांगता आलं नाही. आता ती इथंच राहते, तिला ठाऊक आहे.

ऑनरेबलना तिकडे लष्करानं धरलं नाही. काही वर्षांनी तिकडे पार्लमेंट पुन्हा सुरू झालं, ते पुन्हा उभे राहिले आणि पडले. कोफी तेव्हा तिकडेच गेला होता, त्यानं येऊन सांगितलं. समोरचा उमेदवार गावागावात एकच म्हणत होता. आपण इथं उपाशी मरत होतो तेव्हा तुमचे ऑनरेबल अमेरिकेत थंड हवेत बसून खात होते. ते तिथं काय करत होते ते कुणी पाहिलंय का? असेल तर पुढे या. कोफी म्हणाला की सभेत तो उठला होता, पण लोक हसले. तो ऑनरेबलचा भाचा लागतो, त्याची साक्ष कोण धरणार? ऑनरेबल स्वतःच्या बाजूनं काही बोलले नाहीत. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. दोन वर्षांनी ते वारले. पूल पुरा झाला होता, त्यांच्याच खांबांवर, पण तो बांधणाऱ्यांच्या पाटीवर दुसरी नावं होती.

माझ्या सालांना त्यांनी साक्षीदार शोधून दिला. त्यांच्या सालांना साक्षीदार लागला तेव्हा मी अर्विंगमध्ये पोळ्या लाटत होते. मला कुणी बोलावलं नाही हे खरं आहे. पण मी त्यांना बोलावलं नव्हतं तरी ते रिचर्डसनला आले होते. आता याचा उपयोग नाही, माहीत आहे. तरी त्यांनी शिकवलं तसं लिहून ठेवते.

मी, शालन, शिक्षण सातवी, अर्विंग, टेक्सास इथं राहते. या गृहस्थांना मी आमच्या अपार्टमेंटच्या लाँड्री रूममध्ये ओळखत होते. ते तिथं थंड हवेत बसत नव्हते, तिथं एसी नव्हता. ते कोट घालून बसत. आलेल्या माणसाला आधी पाणी देत आणि मग बातमी विचारत. हे मी ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे. त्या खोलीत त्यांना कुणी पाणी देताना मात्र मी एकदाच पाहिलं, आणि ते देणारी मीच होते.